गाडीच्या तळाचं ठिगळ

दक्षिण गोव्यातला करमळ घाट चढताना तिसऱ्या किंवा चौथ्या वळणावर आमची गाडी बंद पडायची. अपघाताने नव्हे, नेमाने. पर्तगाळच्या मठात जायचं म्हणजे मे महिना, फोंड्याहून पहाटे निघालं तरी घाट लागेपर्यंत ऊन तापलेलं, मागच्या सीटवर आम्ही चार पोरं आणि पुढे बाबा, आजी, आई असे तिघं. पुढे तिघं बसायचे हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण गिअरचा दांडा स्टिअरिंगला होता आणि पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे मधे एक म्हातारी आरामात मावायची.

इंजिन आधी दोन आचके द्यायचं, मग गप्प. बाबा मागच्या चाकाला धोंडा लावायला मला पिटाळायचे आणि बॉनेट उघडायचे. आई एक शब्द न बोलता पिशवीतून पंचा काढायची, फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवून अर्धवट पिळायची आणि खिडकीतून बाहेर द्यायची. बाबा तो इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपाभोवती गुंडाळायचे. दहा-पंधरा मिनिटं आम्ही काजूच्या झाडाखाली. आजी गाडीतून उतरायची नाही. "ताप आलाय तिला, उतरेल," एवढंच म्हणायची.

पुढे ३१ वर्षं मी उच्च माध्यमिकच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. बाष्पीभवनाचा धडा आला की हा पंचा हमखास वर्गात यायचा. इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा द्रव ढकलायला बनवलेला, वाफेला ढकलू जावं तर ती नुसती दबते, पुढे सरकत नाही. याला गॅरेजात 'व्हेपर लॉक' म्हणतात. मग ओल्या पंच्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं आणि वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. म्हणजे दुखणंही बाष्पीभवनाचं आणि औषधही बाष्पीभवनाचंच. मुलांना हे आवडायचं. एकाने विचारलं होतं, "टीचर, मग नवी गाडी का नाही घेतली?"

गाडी होती १९७०ची फियाट ११०० डिलाईट. होती म्हणजे आहे. बाबांनी ती १९७५ साली मुंबईच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड घेतली, कारण नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. बाबा डिचोलीच्या खाणीच्या ऑफिसात हिशेबनीस. गोव्यात त्या काळी गाड्यांचं अप्रूप जरा वेगळं होतं. १९६१च्या आधी, पोर्तुगीज अमदानीत, परदेशी गाड्या इथे सहज उतरत. त्यामुळे मडगाव-पणजीच्या थोरामोठ्यांच्या घरांत ओपेल, मर्सिडीज दिसायच्या आणि लग्नाच्या वरातीला त्याच भाड्याने मिळायच्या. त्या रांगेत मुंबईहून आलेली फियाट म्हणजे घाटावरून आलेली सून. मला मात्र तीच इटालियन वाटायची, कारण बाबांनी सांगितलं होतं की ही मूळची तुरीनची.

तुरीनची म्हणजे किती तुरीनची, हे शोधायला मला पुढची पंधरा वर्षं लागली आणि त्या शोधातच मी या नादाला लागले. या गाडीचं इंजिन १०८९ सीसी. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. हाच हिशेब फियाटच्या १९३७ सालच्या ५०८ सी गाडीत सापडतो. हीच गाडी पुढे पद्मिनी नावाने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून अगदी शेवटी बाहेर पडली तेव्हा इकडे २००० साल उजाडलं होतं, तरी ६८ गुणिले ७५ तेच. बाबांचा जन्म १९३६चा. बाबा निवृत्त झाले, इंजिन चालूच.

इटलीत ते तसंच ठेवलं नव्हतं. १९५३ साली दान्ते जाकोझा यांच्या हाताखाली ११००-१०३ तयार झाली, नवी सलग बॉडी घेऊन. हा जाकोझा म्हणजे १९३६च्या टोपोलिनोचा आणि १९५७च्या छोट्या फियाट ५००चा जनक. टोपोलिनो म्हणजे उंदीरमामा, इटलीत मिकी माऊसला तेच म्हणतात. पुढे १९६२ला ११०० डी आली तेव्हा इटालियनांनी सिलिंडरचा व्यास ७२ केला आणि इंजिन १२२१ सीसीचं झालं. बॉडी तीच आपल्याकडे डिलाईट म्हणून आली, पण तिच्या पोटात जुनंच १०८९. आणि आमची गाडी बनली त्याच्या आदल्या वर्षी, १९६९ला, फियाटने पुढच्या चाकांना ताकद देणारी १२८ काढली होती. तिकडे घर बदललं आणि इकडे आपण जुन्या घराला नुसता रंग काढत बसलो. नावं मात्र हौसेने बदलली: एलेगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाईट, प्रेसिडेंट, आणि मग चितोडच्या राणीवरून पद्मिनी. पहिल्या गोलमटोल मॉडेलला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं, ते नाव कंपनीच्या सगळ्या नावांपेक्षा जास्त टिकलं.

'ओरिजिनल' या शब्दाशी माझं भांडण आहे ते इथून. जुन्या गाड्यांची हौशी मंडळी जमली की पहिला प्रश्न, "मॅडम, सगळं ओरिजिनल आहे ना?" मी विचारते, कुठलं ओरिजिनल? तुरीनचं की कुर्ल्याचं? १९३७चं, १९६२चं की १९७०चं? प्रश्न विचारणाऱ्याला तो आगाऊपणा वाटतो. वाटो.

मी गाडी शिकले १९८६ साली. जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तो हा पावसाळा. पणजी-बेती पुन्हा फेरीबोटीवर आलं आणि रांगा सकाळी सहापासून लागू लागल्या. मी एकोणीस वर्षांची, लायसन्स चार महिन्यांचं, बाबांना म्हापशाला काम. फेरीच्या उतारावर डोकं खाली करून गाडी उभी, हँडब्रेक नावापुरता. बोट लागली, माणसाने हात केला आणि मी पहिला टाकायला गेले तर दांडा हलेना. पहिला आणि रिव्हर्स यांच्या मधे कुठेतरी रुतला. मागून हॉर्न. बाबा शेजारी शांत बसलेले. म्हणाले, "उतर. बॉनेट उघड. डावीकडे दोन सळ्या दिसतील, एक पुढे गेलीय, तिला दुसरीच्या रेषेत आण."

भर पावसात मी साडीला खोच मारून बॉनेट उघडलं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या पायथ्याशी दोन लिव्हर, त्यांना जोडलेल्या सळ्या, सळ्यांच्या टोकाला झिजलेले बुश, म्हणजे सांध्यात बसणारी छोटी कडी. एक लिव्हर बोटभर पुढे सरकून बसली होती. अंगठ्याने दाबली, 'टक' झालं. तो आवाज अजून माझ्या अंगठ्यात आहे. गाडी फेरीवर चढली तेव्हा तिथल्या खलाशाने मला ज्या नजरेने बघितलं, तशी नजर पुढे एम.एस्सी.च्या निकालालाही कोणी दिली नाही.

बुश झिजले होते ही साधी गोष्ट. ते बदलले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण आम्हाला त्या झिजलेल्या बुशांमधून स्वप्नं दिसू लागली.

त्याला कारणीभूत कळंगुटचं एक जुन्या पुस्तकांचं दुकान. परदेशी पाहुणे जाताना मासिकं टाकून जात, ती तिथे किलोने मिळत. माझा धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला. आम्ही दोघं जाऊन गाड्यांची इटालियन मासिकं उचलून आणायचो. भाषेचं अक्षर कळत नसे. चित्रं आणि आकडे पुरत. त्यातच आम्हाला कार्लो अबार्थ भेटला. व्हिएन्नाचा, १९०८चा जन्म, रास वृश्चिक, म्हणून गाड्यांवर विंचवाची खूण. १९४९ साली त्याने स्वतःची कंपनी काढली आणि फियाटच्या गरीब, मध्यमवर्गीय छोट्या गाड्या घेऊन त्यांना चेव आणला: वेगळा सायलेन्सर, वेगळा कार्बोरेटर, मोठा बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. फियाट ६००वरून केलेल्या त्याच्या गाड्यांचं मागचं झाकण उघडंच टेकवलेलं असे, इंजिनाला वारा मिळावा म्हणून. आणि १९६५ला, पन्नाशी उलटल्यावर, स्वतःच्याच रेसच्या गाडीत बसता यावं म्हणून या माणसाने सफरचंदं खाऊन तीस किलो वजन उतरवलं. गाडीत बदल करून भागेना तेव्हा त्याने स्वतःत केला. हे वाचून, म्हणजे कोणाकडून तरी वाचून घेऊन, आम्ही दोघं वेडे झालो.

भावाने म्हापशाहून विंचवाचं स्टिकर करून आणलं आणि डिकीवर चिकटवलं. आजीने चौथ्या मिनिटाला ते नखाने खरवडलं. गाडीवर विंचू? दसऱ्याला झेंडूची माळ कुठे घालायची मग? त्यानंतर सायलेन्सर कापून झाला. दोन दिवस बाबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरी बारसं होतं, त्यांच्या पाळण्यापाशी आमचा आवाज पोचला, आणि संध्याकाळपर्यंत जुना सायलेन्सर परत बसला.

मोठा पराक्रम १९९१चा. मुंबईहून 'फ्लोअर शिफ्ट'चं किट मागवलं. स्टिअरिंगवरचा दांडा काढायचा, खालून गिअरबॉक्सला नवे दुवे जोडायचे आणि जमिनीतून उभा दांडा वर काढायचा, रेसच्या गाडीला असतो तसा. त्यासाठी गाडीच्या तळाला भोक पाडावं लागतं. एका गॅरेजवाल्याने ते छिन्नीने पाडलं, कडा फाटक्या. काम झालं तेव्हा आम्ही दोघं खुशीत. बाबा चक्कर मारून आले, उतरले, गाडीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आता आजी कुठे बसणार?"

खरंच, दांडा आला होता तो बरोबर आजीच्या गुडघ्यांच्या जागी. आजीने काही म्हटलं नाही. मागे जाऊन बसली आणि खिडकी मागितली. तिथून पुढचा रस्ता दिसत नाही अशी तक्रार तिने एकदाच केली, तीही आईजवळ.

त्यानंतरच्या वर्षांत मी एकटीच गाडीजवळ उरले. भाऊ बाहेरगावी, बाबांचे डोळे गेले. बदल होत राहिले, पण आता मासिकातले नव्हेत. डायनमो काढून मारुतीचा अल्टरनेटर बसवला, कारण आपल्या पावसात वायपर आणि हेडलाइट एकदम लावले की सिग्नलला उभी असताना दोन्ही मलूल व्हायचे. त्याची पट्टी कुर्टीच्या मेस्तांनी लेथवर करून दिली. मेस्त म्हणजे आमचे मिस्त्री. गोव्यात सुतार असो की मेकॅनिक, हाताचा धनी असला की तो मेस्त. रेडियल टायर घातले. पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप बसवला, पंचा सुटावा म्हणून, आणि तो बेत जवळजवळ अंगाशी आला. पंपाचा दाब जास्त, कार्बोरेटरची सुई त्याला अडवू शकेना. बाजारात गाडी उभी असताना वास आला. बॉनेट उघडते तर पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडातून ओसंडून गरम इंजिनावर टपटपतंय. शेजारी भजीवाल्याची कढई. मी आधी त्याचा स्टोव्ह बंद केला, मग माझी चावी काढली. क्रम आठवला की अजून घाम फुटतो. नंतर कमी दाबाचा पंप मिळाला. तो अजून चालतो, चावी फिरवली की घड्याळासारखा टिकटिकतो.

गंजाविषयी लिहायचं तर वेगळा लेख होईल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि हवेत समुद्राचं मीठ. लोखंड, पाणी, प्राणवायू आणि त्यांची मैत्री घडवून आणणारं मीठ, प्रयोगशाळेत याहून चांगली मांडणी करता येणार नाही. २००८ला एका नावाजलेल्या ठिकाणी मी गाडी पूर्ण रंगवून घेतली. चकचकीत झाली. मेस्तांनी बघितली, खिशातून लोहचुंबक काढला, फडक्यात गुंडाळला आणि दारांच्या खालच्या पट्ट्यावरून फिरवत नेला. एका जागी चुंबक सुटून खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

"बाय, हांगा लोखंड ना. पुट्टी आसा."

चार बोटं रुंद, दोन हात लांब नुसती पुट्टी, वर महागाचा रंग. रसायनशास्त्राच्या बाईला असं फसवलं. त्या दिवसापासून तो चुंबक माझ्या पर्समध्ये आहे. दुसऱ्यांच्या गाड्यांनाही लावते, त्यामुळे हौशी मंडळींच्या मेळाव्यात माझं फारसं स्वागत होत नाही.

लॉकडाऊनमध्ये मी तो जमिनीतला दांडा काढायचं ठरवलं. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. गाडी वर्षभर उभी, मी घरात, आणि रोज सकाळी शेडमध्ये जाऊन स्टिअरिंग धरून बसायची सवय लागली. डावा हात आपोआप स्टिअरिंगवरच्या जुन्या दांड्याच्या जागी जायचा आणि तिथे काही नसायचं. तीस वर्षं झाली होती, तरी हाताला विसर पडला नव्हता. जुना दांडा, सळ्या, लिव्हर आम्ही फेकल्या होत्या. ते सगळं पुन्हा मिळालं कुर्ल्याच्या भंगार बाजारात. पद्मिनी जन्मली कुर्ल्यात आणि तिचे हातपाय विकले जातात तेही कुर्ल्यात. पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी तुटत होत्या, माल भरपूर होता. (त्यातली शेवटची नोंदलेली टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी अनेकांचे फोन आले, माझ्या घरचं कोणी गेल्यासारखे.)

सळ्या आल्या, पण बुश सगळे झिजलेले, फेरीवरच्या माझ्या बुशांचे भाऊबंद. नवे कुठे मिळेनात. मेस्त आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत होते. ओट्यावर भाजी चिरायचं पांढरं प्लास्टिकचं जाड फळकूट उभं होतं, भाच्याने लग्नात भेट आलेलं आणून दिलेलं. आमच्याकडे अजून आडाळीवर, म्हणजे विळीवरच चिरतात, त्यामुळे ते कोरं करकरीत. मेस्तांनी ते उचललं, नखाने दाबून बघितलं, कानाजवळ टिचकी मारली.

"हें म्हाका जाय." हे मला हवं.

त्या फळकुटातून त्यांनी लेथवर आठ बुश काढले. चार बसवले, चार डबीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवले. गिअर आता लोण्यासारखा पडतो. कोणी 'ओरिजिनल आहे का' विचारलं तर मी हो म्हणते, स्टिअरिंगचाच गिअर आहे. भाजीच्या फळीचं मी सांगत नाही.

मधल्या काळात सरकारचा नियम आला, २०२१चा. पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेजचा वेगळा नंबर, मधे 'व्हीए' अक्षरं. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. भाऊ मागे लागला: अल्टरनेटर काढ, डायनमो शोधू, करून टाक. माझ्या कागदांवर अजून जुना, जीडी अक्षरांनी सुरू होणारा नंबर आहे. मी नियम शेवटपर्यंत वाचला. व्हिंटेज नंबराची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे बुधवारी बाजारात बांगडे आणायला नेता येणार नाही. मग कशाला हवी? फॉर्म तसाच ड्रॉवरमध्ये आहे. दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेते, ग्रीन टॅक्स भरते, आणि तपासणाऱ्या नव्या पोराला दर खेपेला दाखवून देते की रिव्हर्स कुठे आहे.

आता नवं दुखणं इथेनॉलचं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतलं पाणीही ओढून घेतं. मी सगळ्या नळ्या बदलल्या, पंपाचा पडदा बदलला. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवते, म्हणजे आत ओल्या हवेला जागा कमी. भाऊ म्हणतो, बॅटरीवर कर आता. बघू. अबार्थने केलं असतं का, याचा विचार मी अधूनमधून करते, उत्तर दर वेळी वेगळं येतं.

पुढे तिघं पुन्हा बसू लागलेत. भाची आणि तिचा मुलगा असले की तो मधे. त्याचे पाय जिथे येतात तिथे चटईखाली ते १९९१चं भोक, म्हणजे त्यावरचं ठिगळ: वीतभर पत्रा, कडेने मेस्तांचं वेल्डिंग, वर दोन हात काळा लेप. पावसाळ्यात तिथून पाणी येतं असं मी धरून चालले होते. म्हणून चटईखाली वर्तमानपत्राच्या घड्या घालते आणि दर रविवारी बदलते. गेल्या रविवारी काढलेली घडी ठिगळावर अगदी कोरडी होती, मथळेसुद्धा वाचता येत होते. ओल होती ती उजवीकडच्या कोपऱ्यात, क्लचच्या पायाखाली. म्हणजे गेली चार वर्षं मी उगाच ठिगळाला बोल लावत होते. गळतंय पॅडलच्या रबरातून. सोमवारी मेस्तांकडे घेऊन जाते. भाच्याकडे अजून एक फळकूट आहे का, तेही विचारून ठेवलंय.